मागच्या फळीवरची खडूची खूण

मिस्त्रीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि हे तो लपवतही नसे. नवी मोजपट्टी आणली की आधी जुन्या मोजपट्टीने तिला मोजायचा. दुकानातून वीस बोल्टची पिशवी आली की टेबलावर ओतून वीस आहेत ना ते बघायचा, आणि चुकून एकवीस निघाले तर जास्तच अस्वस्थ व्हायचा. एक जास्त का दिला? काय हवंय ह्यांना माझ्याकडून? आता अशा माणसापुढे काय बोलणार!

पण बोटींच्या धंद्यात असा माणूस हवाच. पाण्यावर काही बिघडलं तर गाडीसारखं बाजूला थांबून बघता येत नाही. मिस्त्रीने चाळीस वर्षांत दुरुस्त केलेली एकही बोट बुडाली नव्हती, आणि ह्याचं श्रेय तो देवाला वगैरे न देता सरळ स्वतःच्या संशयाला द्यायचा.

त्याचं खरं हत्यार म्हणजे एक वीतभर लांबीची लाकडी हातोडी. फायबरच्या बोटीवर बाहेरून रंग कितीही चकचकीत असला तरी आतलं लाकूड कुजलंय की धड आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्री बोटीच्या अंगावर बोटा-बोटाच्या अंतराने ती हातोडी मारत जायचा. टक, टक, टक. लाकूड धड असेल तिथे आवाज खणखणीत, कुजलं असेल तिथे भद्द. सगळी बोट वाजवून झाली आणि मन भरलं की पांढऱ्या खडूने एक गोल काढायचा, गोलात एक टिंब. ती खूण पडली की विषय संपला. बंदरावरचे लोक त्याला मागून टकटक मिस्त्री म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

सोळाव्या वर्षी तो डिझेल इंजिनांच्या कामाला लागला तेव्हा दोन उघड्या इंजिनांच्या मधल्या फटीत उभं राहून त्याचे दिवस जायचे. बरोबरचे लोक कानात कापूस घालायचे. हा हसायचा. "कानात बोळे घातल्यावर इंजिन बोलणार कुणाशी? तुमच्या टाळक्याशी?" असं म्हणायचा आणि सायलेन्सर नसलेल्या नळीला कान लावून उभा राहायचा. इंजिनाचा एक व्हॉल्व्ह सैल झाला तरी त्याला कळायचं.

तर गेली दोनेक वर्षं ह्या माणसाचा संशय फारच वाढला होता.

सुरुवात घड्याळापासून झाली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं घड्याळ एक दिवस टिकटिक करायचं थांबलं. काटे मात्र बरोबर फिरत होते. मिस्त्रीने ते दुरुस्तीला नेलं. घड्याळजी म्हणाला काही झालेलं नाही. मिस्त्रीने ते तिसऱ्यांदा नेलं तेव्हा घड्याळजीने हात जोडले. "ह्याने आतलं मशीन बदललंय," मिस्त्री बायकोला म्हणाला, "जुनं चांगलं काढून घेतलं लबाडाने." बायकोने घड्याळाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि भाजी चिरायला घेतली.

मग शिट्टीची किटली बिघडली. पाणी उकळून उतू जायचं पण शिट्टी म्हणून वाजायची नाही. आणि मग माणसं बिघडली. म्हणजे मिस्त्रीला असं वाटायला लागलं की आपण खोलीत आलो की घरचे आवाज खाली आणतात. बायको आणि लेक ओट्याशी उभ्या राहून ओठ हलवत असायच्या, हा दारात दिसला की गप्प. वर्कशॉपमध्येही तेच. लेक आणि जावई इंजिनाच्या पलीकडे वाकून काहीतरी कुजबुजायचे. ह्याने विचारावं, "काय चाललंय?" तर म्हणायचे, "कुठे काय!"

लेकीचं लाडाचं नाव चिमणी. आता ही चिमणी अठ्ठावीस वर्षांची होती, गिअरबॉक्स एकटी उचलून टेबलावर ठेवायची आणि बंदरातली कुठलीही बोट तिच्या हातात खेळण्यासारखी चालायची. पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिचा नवरा वायरमन, सासऱ्याच्याच वर्कशॉपमध्ये वायरिंगचं काम बघायचा. पोरगा तसा सरळ होता. पण मिस्त्रीचं म्हणणं असं की फार सरळ माणसाकडे जरा नीट बघावं. बंदराच्या पलीकडच्या काठावर एक मोठं यार्ड उभं राहिलं होतं, आणि जावई चिमणीला घेऊन तिकडे जाणार, नाहीतर आपल्याला घरी बसवून इथलं सगळं ताब्यात घेणार, असं मिस्त्रीने मनाशी पक्कं धरलं होतं. तोंडावर मात्र "जावईबापू, चहा घ्या" असं म्हणायचा. त्या बापूला इतकी धार असायची की बिचाऱ्याच्या घशाखाली चहा उतरायचा नाही.

अशात एके सकाळी दातांचे डॉक्टर आपली बोट ट्रेलरवर घालून घेऊन आले.

बोट जुनी होती, पण काय देखणी! तिशी उलटलेली, लांबलचक, नाक सुरीसारखं. एके काळी शर्यतीत पळण्यासाठी बांधलेली. आत दोन पेट्रोल इंजिनं, दमलेली. डॉक्टरांना ती काढून त्या जागी जवळजवळ दीडपट ताकदीची दोन नवी इंजिनं बसवायची होती, आणि त्यांना झेपतील असे नवे दणकट ड्राइव्ह. ड्राइव्ह म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात लोंबणारा धातूचा पाय. प्रॉपेलर त्याच्या टोकाला. इंजिन आत, पाय बाहेर, आणि दोघांच्या मध्ये बोटीची मागची फळी. फायबरच्या दोन थरांमध्ये जाड लाकूड, अशी ती फळी. सगळा रेटा तिच्यावर. ती कुजकी असेल तर नवी इंजिनं पूर्ण वेगात तिला फाडून मोकळी होतात, आणि मग मागून जे पाणी आत घुसतं ते थोपवायला मिनिटभरही मिळत नाही.

डॉक्टर फार हळू बोलायचे. मिस्त्रीला हे पहिल्यापासून खटकलं. एवढा शिकलेला माणूस, मान खाली घालून पुटपुटतो का? ह्याला कुठे पोचायची एवढी घाई? दात काढायला कुणी समुद्रातून येतं का ह्याच्याकडे? हा रात्री-बेरात्री काहीबाही वाहतो की काय, इथपर्यंत मिस्त्रीची गाडी गेली. डॉक्टर बोलत होते तोवर त्याने तीन-चार वेळा मान हलवली आणि शेवटी एवढंच म्हणाला, "आधी फळी वाजवणार. फळी हो म्हणाली तर पुढचं." डॉक्टर हसले. "आम्हीही दात वाजवूनच बघतो," असं काहीतरी म्हणाले. मिस्त्रीने पुन्हा मान हलवली.

नवी इंजिनं खोक्यांतून आली. मिस्त्रीने दोन्हींचे नंबर कागदांशी ताडून बघितले, मग साखळीच्या पुलीला काटा अडकवून त्यांचं वजन केलं. जुन्यापेक्षा प्रत्येकी चाळीस किलो जास्त. "म्हणजे ही बया मागे बसणार," तो म्हणाला आणि बॅटऱ्या पुढे सरकवायच्या असं ठरवून टाकलं. दोन प्रॉपेलर एकमेकांच्या उलट फिरणारे आहेत ना, हे त्याने स्वतः हाताने फिरवून बघितलं, कारण दोन्ही एकाच बाजूला फिरले तर बोट सुकाणू ओढून घेते. सगळं बरोबर निघालं. सगळंच बरोबर निघाल्यामुळे त्याच्या मनात पाल चुकचुकली.

जुनी इंजिनं बाहेर निघाली, जुने ड्राइव्ह उतरले. फळी उघडी पडली. मिस्त्रीने कॉम्प्रेसर बंद करायला लावला, पंखा बंद करायला लावला, आणि हातोडी घेऊन बोटीच्या मागे बसला. तासभर वाजवली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. त्याला नेहमी फरक हवा असायचा, कुठे खणखणीत तर कुठे भद्द. फरक कुठेच आला नाही. सगळीकडे आवाज अगदी एकसारखा. "जुनी माणसं बोटी बांधायची त्या अशा," तो खूश होऊन म्हणाला आणि फळीच्या मधोमध खडूचा गोल काढून टिंब दिलं. त्याच्या मागे चिमणी काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली आणि हात धुवायला गेला.

तुमच्या लक्षात आलं असेल एव्हाना. सगळ्या बंदराच्या आलं होतं. फक्त ज्याच्या यायला हवं त्याच्या आलं नव्हतं.

हात धुताना समोरच्या फुटक्या आरशात मिस्त्रीला दिसलं की डॉक्टरांनी जावयाला बाजूला घेतलंय, काहीतरी सांगतायत, खिशातून एक छोटं कार्ड काढून त्याच्या हातात देतायत. जावयाने इकडेतिकडे बघून कार्ड शर्टाच्या खिशात सरकवलं. हां! म्हणजे डॉक्टरही सामील. पलीकडच्या यार्डचं कार्ड ते, दुसरं काय असणार! मिस्त्रीला राग आला, पण रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. जावई परका, त्याचं सोडा. पण चिमणी? जिला आपण तेलाच्या डब्यावर बसवून नटबोल्टचे पाने ओळखायला शिकवलं, ती?

त्या दुपारी तो म्हणाला, "मी जेवायला घरी जातो, दोन तास येत नाही." आणि पुढच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून, फायबरचं सामान ठेवायच्या मागच्या कोठीतून पुन्हा आत आला. कापडाच्या गुंडाळ्यांच्या आड उभा राहिला. रेझिनच्या उग्र वासाने डोळे चुरचुरत होते. स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये चोरासारखं उभं राहावं लागतंय ह्याची त्याला लाज वाटली, पण तो हलला नाही.

त्याला जे दिसलं ते असं. चिमणीने ओलं फडकं घेतलं आणि त्याची खडूची खूण पुसून टाकली. मग त्याचीच हातोडी उचलून फळीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दोनतीनदा मारली, नवऱ्याकडे बघून मान हलवली. नवऱ्याने बॅटरीचा उजेड धरला. तिने ड्रिल उचललं आणि भोक पाडायला सुरुवात केली.

भोक! ज्या फळीवर आपण खूण केली तिला भोक! म्हणजे चाचणीच्या दिवशी बोटीत पाणी शिरणार, मिस्त्री चुकला अशी बोंब होणार, आणि म्हाताऱ्याला घरी बसवायला ह्यांना कारण मिळणार. तो गुंडाळ्या ढकलून बाहेर आला.

"माझी खूण पुसलीस?"

चिमणी दचकून उठली. काहीतरी बोलायला लागली.

"चोरासारखं कुजबुजू नकोस! दोन वर्षं बघतोय मी तुमचं. कुणाशी ठरलंय तुमचं? माझ्या तोंडावर सांग. मोठ्याने सांग!"

ती बोलत राहिली. ओठ हलत होते, पण शब्द अर्धेमुर्धेच येत होते. मिस्त्रीने अजून जवळ जाऊन बघितलं आणि त्याला दिसलं की तिच्या गळ्याच्या शिरा ताणून टरारून आल्यायत. चेहरा लाल झालाय. जावयाने मान वळवून खांदे वर केलेत, जवळच कुणी मोठा आवाज केला की माणूस करतो तसे. शेजारच्या शेडमधला वेल्डर मुखवटा वर करून दारात येऊन उभा राहिला होता, काय भांडण झालंय ते बघायला.

पोरगी ओरडत होती. घसा फाडून ओरडत होती.

मिस्त्री तिथल्या तिथे थांबला. आणि तेवढ्यात ड्रिलच्या भोकातून तपकिरी पाण्याची एक बारीक धार सुरू झाली आणि फळीवरून ओघळत जमिनीवर टपटपायला लागली.

त्याने पुढे होऊन त्या पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. कुजक्या लाकडाचा वास. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून भोकात खुपसला तर तो ओल्या ब्रेडमध्ये जावा तसा मुठीपर्यंत गेला. पूर्वी तिथे कसलीशी पट्टी असणार. ती काढताना कुणीतरी स्क्रूच्या भोकांत नुसती पुट्टी भरून वरून रंग मारला होता. वर्षानुवर्षं पाणी आत जात राहिलं होतं. अख्खा कोपरा गेलेला. आणि चाचणीला सुकाणूवर कोण बसणार होतं? दर वेळी कोण बसतं? चिमणीच.

"मी वाजवली होती," तो म्हणाला. "तासभर वाजवली होती गं."

चिमणीने त्याचा उजवा हात धरला, तळवा फळीवर वरच्या बाजूला टेकवला आणि हातोडी मारली. तळव्याला टणक उसळी आली. मग तिने त्याचा हात खाली त्या कोपऱ्यात नेला आणि तशीच मारली. काही नाही. उशीवर मारल्यासारखं. त्याने तिच्या हातातून हातोडी घेतली, तळवा फळीवरून न उचलता स्वतः दहा-बारा वेळा मारली, वर, खाली, वर, खाली. कानांना दोन्ही सारखंच. हाताला जमीन-अस्मानाचा फरक.

"आधीच्या बोटी?" त्याने विचारलं.

चिमणी त्याच्या अगदी समोर आली, त्याला ओठ दिसतील अशी. "मी तुमच्या मागून सगळ्या वाजवते, बाबा. दोन वर्षं झाली. दोन कुजक्या निघाल्या होत्या. आम्ही केल्या दुरुस्त." मग जावयाने गुपचूप शर्टाच्या खिशातून ते कार्ड काढून पुढे केलं. मिस्त्रीने चष्मा लावून वाचलं, उलटं करून वाचलं, उजेडात धरून पुन्हा वाचलं. कानाच्या डॉक्टरचं कार्ड होतं.

त्याच संध्याकाळी तो स्वतः दातांच्या डॉक्टरांकडे गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "फळी कुजकी आहे. मी धड म्हणालो होतो, ते चुकीचं होतं. माझे कान गेलेत. चूक लेकीने पकडली. बोट दुसरीकडे न्यायची असेल तर न्या, मी काही म्हणणार नाही." डॉक्टरांनी त्याला दवाखान्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि सावकाश, मोठ्याने म्हणाले, "मला चूक पकडणारं वर्कशॉपच हवंय." मिस्त्रीने त्यांच्याकडे रोखून बघितलं. माणूस एवढा चांगला का वागतोय, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच. पण तो त्याने तिथेच ठेवला.

महिना लागला. आतून फायबर कापून त्यांनी सगळं कुजकं लाकूड उकरून काढलं, पाच पोती भरली. नवं लाकूड, प्रत्येक काठ आणि प्रत्येक भोक आतून रेझिनने बंद, वर फायबरचे थर. इंजिनाखालच्या तुळयाही जाड केल्या. मग साखळीच्या पुलीने इंजिनं एकेक इंच खाली उतरवली. चिमणी हाताने इशारे करत होती आणि मिस्त्री साखळी ओढत होता. आता तो हातोडी मारायचा तेव्हा डावा तळवा फळीवर असायचा, आणि दर वेळी विचारायचा, "तुला कसं वाटतंय?" चिमणीला पहिल्यांदा कळेचना की हा प्रश्न आपल्यालाच आहे. खडूचा गोल त्याने काढला. टिंब तिला द्यायला लावलं.

चाचणीला मिस्त्री बोटीत बसला. चिमणी सुकाणूवर, डॉक्टर तिच्या बाजूला, हा मागे, इंजिनांच्या झाकणाला टेकून, फळीवर तळवा ठेवून. कानांवर मोठे पिवळे संरक्षक होते, जावयाने बळंच चढवलेले. चिमणीने थ्रॉटल पुढे ढकललं तशी बोट मागे जराशी बसली आणि मग उठून अशी सुटली की डॉक्टरांची टोपी गेली ती गेलीच. मिस्त्रीच्या तळव्यातून दोन्ही इंजिनं अंगात चढत होती, एका सुरात, आणि फळी दगडासारखी घट्ट होती. परत धक्क्याला लागल्यावर त्याने इंजिनांचं झाकण उघडून, आत गुडघ्यांवर बसून, आतल्या प्रत्येक बोल्टभोवती बोट फिरवलं. कोरडं होतं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको ओट्याशी होती. किटलीतून वाफ जोरात निघत होती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ बघितलं.

"हे टिकटिक करतं का गं?"

बायकोने मान डोलावली.

"आणि किटली?"

"आत्ताही वाजतेय," ती मोठ्याने म्हणाली आणि गॅस बंद केला.

मिस्त्री खुर्चीवर बसला. दोन वर्षं आपण घड्याळजीला, किटलीला, जावयाला, पोटच्या पोरीला काय काय म्हणालो ते त्याला एकेक करून आठवत होतं, आणि मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मग जुनी सवय उफाळून आली आणि त्याने मान वर करून संशयाने बायकोकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मग मला एका शब्दाने सांगायचं नाही? बायको ना तू माझी?"

बायकोने हात पदराला पुसले. खुर्ची ओढून ती त्याच्या अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही मान हलवलीत."